शिकवणीची फी आणि भिंतीची मजुरी

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापुरात राजारामपुरीमध्ये चित्रकलेचा खासगी वर्ग चालवतो. वेळ संध्याकाळी सहा ते साडेआठ, आठवी ते बारावीची २२ मुले, फी महिना १,२०० रुपये. दोन वर्षांपासून मी भित्तिचित्रांची कामेही घेतो. गेल्या दिवाळीआधी एका शाळेच्या आवारातील ६०० चौरस फूट भिंत ११० रुपये फुटाने रंगवली. वर्गातील पाच मोठी मुले सोळा संध्याकाळी माझ्यासोबत होती. त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च मी केला, शेवटी प्रमाणपत्रे दिली. मुले खूश होती. त्यांतील एका अकरावीच्या मुलीने दाजीपूरच्या सहलीत काढलेल्या रेखाटनावरून केलेला गवा तर त्या भिंतीवर सर्वांत उठून दिसतो.

या महिन्यात त्या मुलीचे वडील आले. ते हुपरीला चांदीच्या कामावर जातात. ते शांतपणे म्हणाले, “सर, आमच्या धंद्यात हाताखालच्या माणसाचीसुद्धा मजुरी ठरलेली असते. माझी पोरगी तुम्हाला महिन्याला फी देते आणि वर तुमचं कामही करून देते, हे कसं?” मला उत्तर सुचले नाही. मुलांना पैसे द्यावेत का, आणि किती? पैशाची सवय लागली तर कलेची गोडी जाईल का? अल्पवयीन मुलांना पैसे देणे कायद्यात बसते का? एक मित्र म्हणतो, सरळ ट्रस्ट काढ आणि कंपन्यांकडून निधी घे. कृपया मार्गदर्शन करावे.

एक कलाशिक्षक, कोल्हापूर

उत्तर

सप्रेम नमस्कार. त्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे. मुलांना पैसे द्यायला हवेत, आणि माझ्या मते गेल्या दिवाळीच्या कामाचेही द्यायला हवेत. हे आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढचा सगळा मजकूर ‘द्यावे की न द्यावे’ यावर खर्च होणार नाही आणि ‘कसे द्यावे’ याकडे आपल्याला वळता येईल.

शिकवणी आणि काम यांतला फरक ओळखायला फार खोलात जावे लागत नाही. तयार झालेले चित्र कोणाकडे जाते आणि त्याचे पैसे कोण मोजते, एवढे पाहिले तरी पुरे. विद्यार्थ्याने केलेले स्थिरचित्र त्याच्या फाइलमध्ये जाते, तेव्हा आपण त्याला वेळ, नजर आणि अनुभव देत असता आणि त्याबद्दल फी घेणे योग्यच असते. त्याच विद्यार्थ्याने भरलेला रंग जेव्हा शाळेच्या भिंतीवर जातो आणि शाळा त्याचे फुटाच्या दराने पैसे मोजते, तेव्हा ते काम ठरते. मुलाला त्यातून काही शिकायला मिळाले म्हणून ते काम फुकट होत नाही, कारण कोणत्याही कामातून माणूस काही ना काही शिकतच असतो आणि तरीही महिनाअखेर पगार घेतोच.

आपण लिहिलेले नाही, पण आपल्या मनात गुरू-शिष्य परंपरेचा आधार असणार, असे मला वाटते, आणि कोल्हापुरात तो असणे स्वाभाविकही आहे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटकाचे पडदे रंगवले, त्यांच्या हाताखाली पोरे तयार झाली, आणि त्याच कारखान्यात घडलेल्या दामले-फत्तेलालांनी पुढे शांतारामबापूंसह १९२९ मध्ये याच गावात ‘प्रभात फिल्म कंपनी’ची स्थापना केली. हाताखाली राबून शिकण्याची ही परंपरा खरी आहे आणि तिचे मोल मी कमी मानत नाही. मात्र तिथे शिकणाऱ्या पोराला धंद्यात प्रवेश मिळत असे आणि उद्याचा कारागीर म्हणून त्याची जागा तयार होत असे. दरमहा ठरलेली फी घेऊन वेळापत्रकाने वर्ग चालवणे ही निराळी व्यवस्था आहे. फी घेताना आपण आजच्या काळातले शिक्षक आणि भिंतीवर राबवून घेताना जुन्या काळातले गुरू, असे दोन्हीकडचे सोयीचे तेवढे उचलता येणार नाही.

भिंतीवर मुले नेमके काय शिकली, हे आपणच एकदा तपासून पाहा. सोळा संध्याकाळींपैकी कच्चे चित्र ठरवण्यात, चौकटी आखून ते भिंतीवर मोठे करण्यात, कुठला रंग किती लागेल याचा अंदाज बांधण्यात आणि एकच हिरवा दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच कालवण्यात किती वेळ गेला? या गोष्टी शिकण्यासारख्या आहेत आणि कागदावर त्या पुरत्या शिकता येत नाहीत. पण बहुतेक भित्तिचित्रांत ही कामे सर स्वतः करतात आणि मुलांच्या वाट्याला येते ते आखलेल्या रेषेच्या आत सपाट रंग भरणे, दुसरा हात मारणे, ब्रश धुणे आणि बादल्या वाहणे. सपाट रंग न ओघळू देता कसा भरावा, हे चलाख मूल पहिल्या तासाभरात शिकते. सोळा संध्याकाळींच्या चाळीस तासांतले उरलेले एकोणचाळीस तास ही मजुरी आहे, आणि तिला मजुरी म्हणण्यात कमीपणा काहीच नाही.

आता हिशेब मांडू, कारण आपण आकडे दिले आहेत हे फार चांगले केले. ६०० चौरस फुटांचे ११० रुपयांनी ६६,००० रुपये झाले. प्रायमर, इमल्शन, ब्रश आणि वाहतूक यांचा खर्च मी १८,००० रुपये धरतो. आपला खरा आकडा आपल्या पावत्यांवर असेलच. पाच मुले, सोळा दिवस आणि रोजचे अडीच तास, म्हणजे प्रत्येकी ४० आणि एकूण २०० तास. ताशी ७५ रुपये धरले तर मुलांचे १५,००० रुपये होतात, म्हणजे प्रत्येकी ३,०००. सामान आणि मजुरी वजा जाता आपल्याकडे ३३,००० रुपये राहतात, म्हणजे एकूण रकमेच्या बरोबर निम्मे. संकल्पना आपली, शाळेशी बोलणी आपली, रात्री उशिरापर्यंत थांबून चुका दुरुस्त करणे आपले, तेव्हा निम्मी रक्कम आपल्याकडे राहण्यात गैर काही नाही आणि ते कोणाला सांगताना संकोच वाटण्याचेही कारण नाही. ताशी दर ठरवताना तो शासनाच्या किमान वेतनाच्या तक्त्याशी ताडून घ्यावा आणि त्याच्या खाली कधीही जाऊ नये. जी मुले स्वतंत्रपणे आकृत्या काढू शकतात त्यांचा दर थोडा अधिक ठेवावा, पण तो काम सुरू होण्याआधी सर्वांसमोर सांगावा.

गेल्या दिवाळीचे पैसे हातात नसतील तर ते दोन हप्त्यांत द्या, पण पाचही मुलांना द्या. एकट्या विचारणाऱ्या वडिलांच्या मुलीला दिले, तर इतर चौघांना ‘ओरडेल त्याला मिळते’ एवढाच धडा मिळेल.

इथे एक पळवाट हमखास सुचते, ती आधीच बंद करतो. ‘पैसे देण्याऐवजी त्या महिन्यांची फी माफ करतो’ असे म्हणण्याचा मोह आपल्याला होईल, आणि आपल्या बाजूने तो प्रामाणिकही असेल. तसे करू नये. फी आणि मजुरी एकमेकांत वळती केली की दोन्हींचा हिशेब धूसर होतो: मुलाला आपण किती कमावले ते कळत नाही, पालकांना आपण किती दिले ते कळत नाही, आणि एखाद्या महिन्यात मुलाला भिंतीवर यायचे नसेल तर ‘फी माफ केली होती ना’ हे वाक्य कोणी न उच्चारताही खोलीत ऐकू येते. फी पूर्ण घ्या, मजुरी पूर्ण द्या, दोन्हींच्या पावत्या वेगळ्या ठेवा. एखाद्या घराला फी खरोखर झेपत नसेल तर ती त्या कारणासाठी माफ करा, आणि त्या मुलाने भिंतीवर काम केले तर त्यालाही इतरांइतकीच मजुरी द्या.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि मला ती मुलांच्या मजुरीइतकीच महत्त्वाची वाटते. डिजिटल फ्लेक्स आल्यापासून बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांची कामे गेली, हे आपण कोल्हापुरात डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांतले जे टिकून आहेत ते शाळांच्या, अंगणवाड्यांच्या आणि हॉटेलांच्या भिंती रंगवून घर चालवतात. आपण पाच मुलांचे २०० तास फुकट वापरून ११० रुपये फुटाने काम घेता, तेव्हा तो दर त्या पेंटरांच्या पोटावर येतो, कारण त्यांना हाताखालच्या माणसाला रोजची मजुरी द्यावीच लागते. आपला दर परवडण्याचे कारण आपली कार्यक्षमता आहे की मुलांची फुकट मेहनत, हे एकदा स्वतःशी पाहून घ्या. उद्या मजुरी धरून हिशेब केल्यावर दर १३० रुपयांवर गेला, तर शाळेला तसे स्पष्ट कारणासह सांगा. शाळेसारख्या ग्राहकाला ते कळायला हवे.

कायद्याचे काय, असे आपण विचारले आहे. आजवर आपण जे नकळत करत आलात, त्यात पैसे न देण्यापेक्षाही कामाची वेळ अधिक अडचणीची आहे. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम १९८६ सालचा आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्याची चौकट अशी आहे की, १४ वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला अशा कामावर घेताच येत नाही. त्याला जे मोजके अपवाद आहेत, म्हणजे शाळेची वेळ सोडून घरच्या व्यवसायात केलेली मदत किंवा दृक्‌श्राव्य मनोरंजनात बालकलाकार म्हणून केलेले काम, त्यांत आपले भित्तिचित्र बसत नाही. तेव्हा आठवीच्या मुलांना भिंतीवर नेऊ नका, त्यांची कितीही इच्छा असली तरी. १४ ते १८ या वयातील मुलांना धोकादायक नसलेले काम देता येते, पण सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती, विश्रांती धरून दिवसभरात सहा तासांपेक्षा जास्त नाही, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, जादा तास अजिबात नाहीत, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम नाही.

हा शेवटचा नियम आपल्या वेळापत्रकाला छेद देतो. सहा ते साडेआठ या वेळेत वर्ग भरवता येतो, पण त्याच वेळेत मुलांकडून भिंतीचे काम करून घेता येत नाही. त्यामुळे भिंतीची कामे रविवारी सकाळी किंवा दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत साडेआठ ते साडेअकरा अशी ठेवावीत. चाळीस तासांचे काम तीन-तीन तासांनी साधारण चौदा सकाळींत बसते, आणि खरे सांगायचे तर नळीच्या दिव्याखाली रंगवलेल्या भिंतीपेक्षा सकाळच्या उजेडात कालवलेले रंग अधिक खरे उतरतात, हे आपल्याला मी सांगायला नको. अशा कामाची माहिती निरीक्षकाला कळवणे, मुलांच्या जन्मतारखा, कामाचे तास आणि विश्रांती यांची नोंदवही ठेवणे, हेही कायद्यात आहे. आपल्या जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात एकदा प्रत्यक्ष जाऊन, आपण काय करता ते सांगून, त्यांच्या सांगण्याप्रमाणे कागद करून घ्यावेत. लपवण्यासारखे काही नसेल तर ही अर्ध्या दिवसाची खटपट आहे.

अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार कायद्याने बंधनकारक ठरत नाही, म्हणून लेखी संमती पालकांची घ्यावी आणि तीत कामाची जागा, तारखा, तास, दर आणि पैसे कधी मिळणार हे लिहावे. पैसे रोख देऊ नयेत. दहा वर्षांवरील मुलाच्या नावे बँकेत किंवा टपाल कार्यालयात बचत खाते उघडता येते, तिथेच जमा करावेत. ‘मुलाचे उत्पन्न आमच्या उत्पन्नात धरले जाईल’ अशी शंका एखाद्या पालकाने काढली, तर अल्पवयीन मुलाने स्वतःच्या श्रमातून किंवा कौशल्यातून मिळवलेले उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात मिळवले जात नाही, एवढे त्यांना सांगता येईल.

सुरक्षिततेबाबत थोडक्यात: मुलांना परांचीवर चढवू नका, जमिनीवर उभे राहून हात पोहोचेल तेवढीच भिंत त्यांची, थिनर, टर्पेंटाइन आणि स्प्रेचे डबे त्यांच्या हाती देऊ नका, पाण्यात मिसळणारे रंगच वापरा, जुन्या रंगाचे पोपडे घासण्याचे काम मोठ्या माणसाला द्या, आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. कोणतेही एक मूल एकट्या मोठ्या माणसासोबत, मग ते आपण स्वतः असलात तरी, कामाच्या जागी उशिरापर्यंत थांबणार नाही, हा नियम लिहून भिंतीवर लावा.

कलेची गोडी जाईल का, या आपल्या प्रश्नाला बाहेरचे एक उत्तर देतो. अमेरिकेत बॉस्टन शहरात सुझन रॉजरसन नावाच्या चित्रकर्तीने १९९१ मध्ये ‘आर्टिस्ट्स फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था सुरू केली. शाळेतील एका सामूहिक चित्रानंतर काही मुले तिच्या स्टुडिओत येत राहिली, त्यातून ती उभी राहिली. शाळा सुटल्यावर किशोरवयीन मुले तिथे येतात, व्यावसायिक कलावंतांच्या हाताखाली चित्र, शिल्प, ग्राफिक डिझाइन, छायाचित्रण अशा विभागांत शिकतात, बाहेरच्या ग्राहकांची कामे करतात आणि त्यांना तासावर पैसे मिळतात. २००४ पासून दक्षिण बॉस्टनमध्ये तिची स्वतःची इमारत आहे. त्याच १९९१ च्या उन्हाळ्यात शिकागोमध्ये शहराच्या भर मध्यवस्तीतल्या एका रिकाम्या भूखंडावर तंबू ठोकून ‘गॅलरी ३७’ सुरू झाली, तिथेही मुलांना शिकाऊ कलावंत म्हणून मानधन दिले जाई. त्यातूनच पुढे शाळेनंतरच्या उपक्रमांची शहरव्यापी संस्था उभी राहिली. दोन्हीकडे पैसे देण्यामागचा विचार सरळ आहे. ज्या घरातल्या मुलाला संध्याकाळी दुकानात किंवा हॉटेलात काम करून चार पैसे आणावे लागतात, ते मूल फुकट असलेल्या चित्रवर्गालाही येऊ शकत नाही, कारण त्याचा वेळच फुकट नसतो. या संस्था इतकी वर्षे चालत आहेत, त्यावरून पैसे मिळाल्याने मुले कलेला विटली असे काही दिसत नाही.

त्या संस्थांकडे देणगीदारांचे मोठे पाठबळ आहे आणि तिथे शिकण्याच्या तासांचेही पैसे मिळतात. आपल्याला ते झेपणार नाही आणि आपण तसा प्रयत्नही करू नये. पण मूळ कारण कोल्हापुरातही लागू आहे. इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षेतील श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, तोवर पालक फी भरतात. गुण पदरात पडले की बहुतेक घरांत ‘आता चित्रकला बास’ असे होते. कला महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेची खरी तयारी मात्र अकरावी-बारावीतच करायची असते, आणि नेमकी तेव्हाच कमी उत्पन्नाच्या घरातली चांगल्या हाताची मुले आपल्या वर्गातून गळतात. वर्षाला काही हजार रुपये भिंतीच्या कामातून खात्यावर जमा झाले, तर अशा मुलाला वर्गात राहण्यासाठी घरात एक बाजू मांडता येते. आपल्या पत्रातली मुलगी अकरावीत आहे, हे मी ध्यानात ठेवूनच लिहितो आहे.

मला धोका दिसतो तो मुलांना पैशाची सवय लागण्याचा नाही, तो आपल्यालाच लागण्याचा आहे. मुलांचे हात उपलब्ध आहेत म्हणून वर्षाला आठ भिंती घेतल्या जातात, त्यात जलद रंग भरणारी तीच चार मुले पुन्हा पुन्हा नेली जातात, आणि बघता बघता चित्रकलेचा वर्ग हा रंगाऱ्यांची टोळी होऊन बसतो. सुट्ट्यांमध्ये मिळून दोन, फार तर तीन भिंती, रेखाकला परीक्षेच्या आणि वार्षिक परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत एकही नाही, आणि निवड वयाप्रमाणे पाळीपाळीने, असा दंडक घालून घ्यावा. जे मूल हळू रंगवते पण ज्याचे निरीक्षण चांगले आहे, त्याची पाळी चुकवू नका.

मार्गदर्शन म्हणजे काय, यावरही आता बोलायला हवे, कारण मजुरी चोख दिली म्हणून ती जबाबदारी संपत नाही. भिंतीच्या प्रत्येक कामात दोन मुलांना सुरुवातीपासून सोबत घ्या. शाळेच्या मुख्याध्यापकांना पहिल्यांदा भेटायला जाता तेव्हा ती दोघे मागच्या खुर्चीवर बसून ऐकू देत. ग्राहक ‘जरा अजून रंगीत करा’ म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय हवे असते आणि आपण त्यातले किती मान्य करतो, हे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही. कच्ची चित्रे सर्व पाच मुलांकडून मागवा, त्यांतले एखादे ग्राहकासमोर ठेवा. भिंतीचे माप घेणे, रंगांची यादी करणे, दुकानातून दर आणणे ही कामे त्यांना द्या आणि यादी चुकली तर ती चुकू द्या. अर्धा लिटर पिवळा कमी पडल्यावर जे कळते ते सांगून कळत नाही. या सर्व वेळेचीही मजुरी लावा.

आणि जे वर्गाचे तास आहेत त्यांना भिंतीचा स्पर्श होऊ देऊ नका. फी भरलेल्या अडीच तासांत मुलाला स्वतःचे रेखाटन करता आले पाहिजे, आणि महिन्यातून एकदा तरी आपण त्याच्याजवळ बसून त्याची वही पहिल्या पानापासून उलटली पाहिजे. रंकाळ्यावर किंवा पंचगंगेच्या घाटावर रेखाटनाला नेलेल्या सकाळी कदाचित आपल्याला काही मिळवून देणार नाहीत, पण तो गवा दाजीपूरच्या अशाच एका सहलीतून आला आहे.

त्या गव्याबद्दल वेगळे लिहितो. आपण कौतुकाने लिहिले आहे की भिंतीवर तो सर्वांत उठून दिसतो. त्या भिंतीच्या कोपऱ्यात नाव कोणाचे आहे? फक्त आपल्या वर्गाचे किंवा आपले असेल, तर ही चूक पैशांच्या चुकीपेक्षा मोठी आहे. मोबदला देऊन करून घेतलेल्या चित्राचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, करून घेणाऱ्याकडे जातो, असे आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात आहे. पण कलाकृती आपली आहे असे सांगण्याचा निर्मात्याचा हक्क त्यानंतरही त्याच्याकडेच राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातील अमरनाथ सहगल यांचे भित्तिशिल्प काढून टाकताना त्याची नासधूस झाली, त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये, कलाकृतीची मोडतोड होऊ न देण्याच्या निर्मात्याच्या अशाच हक्काच्या बाजूने निकाल दिला. सोळा वर्षांच्या मुलीच्या वहीतील रेखाटनाला हे लागू होत नाही असे कुठेही म्हटलेले नाही. शाळेची परवानगी घेऊन पाचही मुलांची नावे त्या भिंतीवर लिहा, आणि गवा कोणाच्या रेखाटनावरून घेतला तेही लिहा. पुढच्या कामात एखाद्या मुलाचे मूळ चित्र वापरले तर रंगकामाच्या मजुरीखेरीज त्या चित्राची वेगळी रक्कम ठरवा. हजार रुपये असोत, पण वेगळी असू देत.

प्रमाणपत्रेही बदला. ‘सक्रिय सहभाग घेतला’ असे छापलेले जाड कागदाचे प्रमाणपत्र कोणाच्याही उपयोगाचे नसते. त्याऐवजी प्रत्येकाला आपल्या सहीचे अर्ध्या पानाचे पत्र द्या, ज्यात भिंतीचे माप, तारखा, त्या मुलाने केलेला भाग आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चार छायाचित्रे असतील. पुढे महाविद्यालयात किंवा एखाद्या स्टुडिओत काम दाखवायची वेळ आली की हेच पत्र बोलते.

वडिलांना भेटायला आपणच जावे, त्यांना पुन्हा वर्गावर बोलावू नये. जाताना ४० तासांचा हिशेब कागदावर लिहून न्यावा. ते चांदीत काम करतात. वजन, घट आणि मजुरी यांचा हिशेब रोज मांडणाऱ्या माणसाला गोल बोलणे पटत नाही, आकडा पटतो. मुलीने पुढे भिंतीच्या कामाला यावे की नाही हे मात्र त्या दोघांना ठरवू द्या, आणि ती आली नाही तरी वर्गातली तिची जागा जशी आहे तशीच राहील, एवढे स्पष्ट सांगून या.

राहिला ट्रस्ट. आपल्या मित्राचा सल्ला चुकीचा नाही, पण आज तो अवेळी आहे. कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा जो दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो, तो नोंदणीकृत संस्थेलाच मिळू शकतो, आणि तो देताना मागच्या काही वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब पाहिले जातात. आपल्याकडे आज फीच्या वहीपलीकडे काही नाही. आधी दोन वर्षे फी आणि भिंतीची कामे यांची दोन वेगळी खाती चालवा, प्रत्येक कामातून आपल्या वाट्याच्या रकमेतले दहा टक्के बाजूला काढून त्यातून वर्षाला एका मुलाची काही महिन्यांची फी भरा, आणि मुलांना दिलेल्या पैशांच्या बँकेच्या नोंदी जपून ठेवा. ट्रस्टचा अर्ज त्यानंतर करता येईल, आणि तो लिहिण्यापूर्वी एखाद्या सनदी लेखापालाला ही दोन वर्षांची खाती दाखवून घ्यावीत.